उत्तर बरोबर, कूस तीच

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती तासांनी बदलावी? (अ) एक (ब) दोन (क) चार (ड) सहा.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या कोणत्याही मुलीला विचारा. ती 'ब' म्हणेल आणि तिचं बरोबर असेल. आता तिला घेऊन एखाद्या मोठ्या सरकारी वॉर्डात जा. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांची कूस शेवटची कधी बदलली, ते विचारा.

इथे पर्याय छापलेले नसतात.

नर्सिंगच्या मूलभूत ज्ञानाच्या परीक्षा आपल्याकडे काही कमी नाहीत. बारावीनंतर प्रवेशाला सीईटी. मग चार वर्षं सत्रपरीक्षा. पुढे सरकारी भरतीची परीक्षा, रेल्वेची वेगळी, एम्सची 'नॉरसेट' वेगळी. नॉरसेटच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न, आणि उत्तर चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. एवढ्या चाळण्या लावल्यावर खाटेपर्यंत उत्तम सेवा पोहोचायला हवी ना? मग भरती झालेल्या माणसाचे नातेवाईक रात्रभर जागे का असतात?

पेपरात काय विचारतात ते बघा. ग्लासगो कोमा स्केलचा सर्वांत कमी गुण? ३. सर्वांत जास्त? १५. फाउलर्स पोझिशनचा कोन? ४५ ते ६० अंश. प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला किती? १२ ते २०. हे यायलाच हवं, त्यात वाद नाही. जिला ३ आणि १५ मधला फरक कळत नाही, तिच्या ताब्यात बेशुद्ध रुग्ण देऊ नये.

पण तो आकडा तिनं खाटेशी उभं राहून कधी काढून दाखवला का? रुग्णानं डोळे कशाला उघडले, हाकेला की वेदनेला? बोलणं सुसंगत आहे की असंबद्ध? आकडा पाठ करायला पाच सेकंद पुरतात. काढायला रुग्णाकडे बघावं लागतं.

ब्रेडन स्केल घ्या. १९८७ साली आलेली ही मोजपट्टी बेडसोरचा धोका सांगते. ६ ते २३ गुण. गुण जितके कमी, तितका धोका जास्त. सगळं उलटं असल्यामुळे परीक्षेत गोंधळ उडवायला उत्तम, म्हणून मुली घोकून जातात. पेपरात बरोबर सोडवलेला हा प्रश्न वॉर्डातल्या किती केसपेपरांवर सोडवलेला सापडतो? आपल्या माणसाचा केसपेपर हाती आला तर शोधून पाहा.

औषध देण्याचे पाच नियम तर तोंडपाठच असतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि गर्दीच्या वॉर्डात हाक कशी ऐकू येते? "कांबळे कोण? कांबळे तुम्हीच ना?" ज्याला कमी ऐकू येतं, तो मान डोलावतो. ज्याला ग्लानी आहे, तोही डोलावतो.

म्हणूनच नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. पाचांतला पहिला नियम अशा हाकेतच पडतो.

आता श्वास. ताप, नाडी, रक्तदाब यांना यंत्रं आली. साध्या वॉर्डात श्वास मात्र अजूनही छातीकडे बघून मोजावा लागतो. पूर्ण एक मिनिट, आणि रुग्णाला कळू न देता. कळलं की तो श्वास बदलतो. माणूस बिघडू लागला की बऱ्याचदा सर्वांत आधी श्वासाचा वेग वाढतो. इतकी लवकर मिळणारी, इतकी फुकट मिळणारी सूचना दुसरी नाही. आणि चार्टवर काय दिसतं? पहिल्या खाटेला २०. दुसऱ्या खाटेला २०. दहाव्या खाटेलाही २०.

दहा आजारी माणसं एका लयीत श्वास घेत नसतात.

परीक्षेनं नर्स ओळखता येते का, हा वाद जुना आहे. खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेल परीक्षा घेऊन नर्सची नोंदणी करण्याच्या विरोधात होत्या. स्वभाव, निरीक्षण, रुग्णाविषयीची कळकळ लेखी पेपरात मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर उभ्या होत्या एथेल बेडफर्ड फेनविक. १८८७ साली त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी केली आणि नोंदणीचा हट्ट धरला. नोंदणी नसेल तर कोणीही उठून स्वतःला नर्स म्हणवून घेईल, ही त्यांची भीती. १९१९ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. फेनविकबाई जिंकल्या, आणि जिंकायलाच हव्या होत्या.

नाइटिंगेलबाईंची शंका मात्र तशीच राहिली. शंभर वर्षांनंतर ती आपल्या वॉर्डात उभी आहे.

नर्सिंगची मूलतत्त्वं म्हणजे तरी काय? व्हर्जिनिया हेंडरसन यांनी इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेससाठी १९६० साली नेमकी यावरच एक छोटी पुस्तिका लिहिली. माणसाच्या १४ गरजा त्यांनी सांगितल्या. श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, हालचाल, झोप, कपडे, शरीराचं तापमान, स्वच्छता, सुरक्षितता, बोलणं, श्रद्धा, काम, विरंगुळा, शिकणं. अंगात बळ असतं तर माणसानं स्वतःसाठी जे केलं असतं, ते नर्सनं त्याच्यासाठी करायचं. आणि ते त्याचं त्याला लवकर करता येईल, हे बघायचं.

आपल्याकडे हे कोण करतं? भरवते बायको. बेडपॅन देतात मावशी. कूस बदलतो मुलगा, तीही त्याला सुचलं तर. अंग पुसते रविवारी भेटायला आलेली बहीण. आणि सिस्टर? सलाइन, इंजेक्शनं, नोंदी, इंडेंट, औषधांचा हिशेब, डिस्चार्जचे कागद. एवढ्यात तिची पाळी संपते.

तिची परीक्षा झाली १४ गरजांवर. नोकरी चालली आहे रजिस्टरांवर.

अमेरिकेतले वैद्यकशिक्षक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक साधा पिरॅमिड मांडला. तळाशी 'माहीत आहे'. त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. आणि टोकाला 'रोजच्या कामात करतो'. चार पायऱ्या, कळायला अर्धं मिनिट.

आपली भरती पहिल्या पायरीवरच हजेरीपट भरून मोकळी होते.

करून दाखवायला लावणारी परीक्षाही काल-परवाची नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ साली मांडली. 'ऑस्की' म्हणतात तिला. एकापुढे एक टेबलं, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटांत एकच काम, आणि परीक्षकाच्या हाती बारकाव्यांची यादी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ मध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रमात ऑस्की आहे.

कागदावर आपण कोणाच्याही मागे नाही.

आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी काय होतं? नर्सिंग शिकलेल्या कोणालाही विचारा. रुग्ण आदल्या दिवशीच हेरून ठेवलेला असतो. बोलका, सोशिक, गुंतागुंत नसलेला. त्या दिवशी त्याची चादर ताणलेली, नखं कापलेली, उशाशी पाणी भरून ठेवलेलं. केअर प्लॅन सीनियरच्या वहीतून उतरवलेला. लॉगबुकावरच्या सह्या शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा झालेल्या. परीक्षक संध्याकाळच्या गाडीनं परत.

दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाच्या उशाशी पाणी आहे का, हे कोण बघतं?

आता हीच मुलगी परदेशी जाते. ब्रिटनच्या परीक्षेत परीक्षक शेजारी उभा राहून बघतो. औषध देण्याआधी हात स्वच्छ केले का? नाव आणि जन्मतारीख रुग्णाला विचारली का? मनगटावरचा पट्टा पाहिला का? ॲलर्जी विचारली का? यात चूक झाली तर बाकीचं कितीही सफाईनं केलेलं असो, निभाव लागत नाही. अमेरिकेच्या 'एनक्लेक्स'ला नंबर नसतो. पास किंवा नापास. २०२३ पासून तिथे एकाच रुग्णाची हकिकत टप्प्याटप्प्यानं उलगडत नेतात आणि विचारतात: यातलं काळजीचं काय? आधी काय कराल? केल्याचा उपयोग झाला, हे कशावरून ठरवाल?

आपल्या मुली या परीक्षा पास होतात. तिथल्या वॉर्डांत मानानं काम करतात.

म्हणजे खोट मुलींत नाही.

मग कुठे आहे? चला, गणित मांडू. ४० रुग्णांचा वॉर्ड. १२ तासांची रात्रपाळी. सिस्टर एक. सरकारी रुग्णालयात ज्यानं रात्र काढली आहे, त्याला हे चित्र नवं नाही. त्या चाळिसांत दहा जण अंथरुणाला खिळलेले धरा. दर दोन तासांनी कूस, म्हणजे रात्रीत प्रत्येकी सहा वेळा, एकूण ६० वेळा. एका वेळेला पाच मिनिटं. झाली ३०० मिनिटं. आता चाळिसांचा ताप, नाडी, श्वास, रक्तदाब रात्रीत दोनदा, प्रत्येकी पाच मिनिटं. झाली ४०० मिनिटं. दोन्ही मिळून ११ तास ४० मिनिटं.

उरली २० मिनिटं. त्यात इंजेक्शनं, सलाइन, नवी भरती, कोणाचं तरी अचानक बिघडणं. आणि हात धुणं. साबणानं हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्येक रुग्णाआधी रात्रीत एकदाच धुतले, तरी सुमारे २७ मिनिटं.

२० मिनिटांत २७ मिनिटांचे हात कसे धुवायचे? हा प्रश्न कोणत्या पेपरात येतो?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो: सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. तीन पाळ्यांत वाटणी केली तरी एका वेळी एका नर्सकडे पंधराच्या वर रुग्ण जायला नकोत. नर्सनं निकष मोडला तर मेमो निघतो. रुग्णालयानं मोडला तर कोणावर काय निघतं?

हे सगळं स्वप्नातलं आहे, असं म्हणून हात झटकू नका. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्या स्वतः त्याच रुग्णालयातल्या नर्स. त्यांचं करणाऱ्या नर्सच्या पिढ्या बदलल्या, हात बदलले, काम थांबलं नाही. २०११ साली त्यांच्याविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं केईएमच्या नर्सची मनापासून वाखाणणी केली. इतकी वर्षं अंथरुणावर आणि बेडसोर नाही, हे तेव्हा साऱ्या देशानं ऐकलं.

मूलतत्त्वांची परीक्षा ती. ४२ वर्षं चाललेली, आणि पास झालेली. एका रुग्णासाठी जे होतं, ते सगळ्यांसाठी व्हायला काय लागतं? पुरेसे हात.

त्या हातांचं आपण काय केलं? २०२२ साली राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाहेरच्या संस्थेमार्फत होणारी कंत्राटी भरती हा वादाचा मोठा मुद्दा होता. कोविडमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजवून दोनच वर्षं झाली होती.

टाळ्यांनी जागा भरत नाहीत.

आता परीक्षा घेणाऱ्यांकडे वळू. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय हवं, असा सर्वसाधारण नियम. मध्य प्रदेशात नुसत्या कागदावर चाललेल्या नर्सिंग कॉलेजांच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. ३०० हून अधिक कॉलेजं तपासायची होती. २०२४ साली त्याच तपासातल्या सीबीआयच्या माणसांना कॉलेजांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली.

रुग्णालयच नसलेल्या कॉलेजातली मुलगी पहिला रुग्ण कधी बघते? नोकरीला लागल्यावर. तो रुग्ण कोणाचा तरी बाप असतो.

आणि ज्यांची परीक्षा कोणीच घेत नाही, त्यांचं काय? घरातल्या माणसांचं आणि नर्सिंग ब्यूरोच्या बायकांचं?

नाइटिंगेलबाईंचं १८५९ सालचं गाजलेलं पुस्तक व्यावसायिक नर्ससाठी लिहिलेलं नव्हतं. घरात आजाऱ्याचं करणाऱ्या सामान्य बायकांसाठी होतं. हवा, उजेड, गोंगाट, अन्न, अंथरूण, निरीक्षण, हे त्यातले विषय. दीडशेहून जास्त वर्षं उलटली. डिस्चार्जच्या दिवशी आज आपल्या हातात काय पडतं? औषधांची चिठ्ठी आणि बिल. आजोबांना उठवायचं कसं, भरवायचं कसं, वळवायचं कसं, हे कोण शिकवतं?

मग ब्यूरोला फोन जातो. बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई. पांढरा कोट चढवला की घरचे तिला सिस्टर म्हणू लागतात. त्यातल्या कित्येक जणी जीव ओतून करतात, तेही तुटपुंज्या पैशात. त्यांना मान द्या, रजा द्या, पोटभर जेवण द्या. पण कामावर घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला: आजींना भरवताना कसं ठेवाल? 'झोपवूनच, चमच्यानं थोडं थोडं' असं उत्तर आलं तर थांबा. आडवं ठेवून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवून भरवायचं, आणि नंतर निदान अर्धा तास बसतं ठेवायचं.

दुसरा: लघवीची पिशवी कुठे ठेवाल? कायम मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला टेकू न देता. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवलेली तुम्ही मोठमोठ्या रुग्णालयांतही पाहिली असेल. पिशवीतली लघवी उलटी जाते आणि जंतूंना बरोबर नेते.

तिसरा: माकडहाडापाशी लाल डाग दिसला तर काय कराल? 'तेल लावून चोळते' हे उत्तर चूक. लाल झालेली जागा चोळायची नाही. खाली गोल रिंगही द्यायची नाही. बोटानं दाबून लाली जात नसेल तर बेडसोर सुरू झाला आहे. त्या जागेवरचा दाब काढायचा, कूस बदलायची, आणि डॉक्टरांना किंवा नर्सला लगेच दाखवायचं.

तीन प्रश्न, पाच मिनिटं. स्वयंपाकाच्या बाईंना आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

आणि हीच उत्तरं घरातल्या प्रत्येकानं पाठ करावीत. मुलानंही. सत्तर किलोच्या आजोबांना रात्री दोन वाजता एकट्या बाईनं वळवायचं आणि शेजारच्या खोलीत घर झोपलेलं, ही शुश्रूषा नव्हे.

मग करायचं काय? पेपर बंद करा, असं कोणी म्हणत नाही. पेपर हवाच, बोगस माणूस तिथेच अडायला हवा. पण पेपरानंतर प्रत्येक उमेदवाराला दोन तास वॉर्डात उभं करा. अनोळखी रुग्ण, खरी गर्दी, आणि परीक्षक म्हणून वीस-पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या इन्चार्ज सिस्टर. त्यांनी एकच विचारावं: या वॉर्डात आधी कोणाकडे जाशील, आणि का?

कोणता क्लास याच्या नोट्स काढून देणार आहे?

२०२३ साली नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा झाला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. नव्या व्यवस्थेनं नवी परीक्षा आणली तर स्वागत आहे. ती खाटेशी घ्या, एवढंच मागणं.

आणि वॉर्डाचीही परीक्षा घ्या. या महिन्यात नवे बेडसोर किती? खाटेवरून पडले किती? औषधाची चूक किती वेळा झाली? आकडे दारावर लावा. मुलींचे गुण भिंतीवर लागतात, मग वॉर्डाचे का नकोत? मात्र हे आकडे सिस्टरच्या मानेवर ठेवू नका. शिक्षेची भीती दिसली की चार्टवर पुन्हा सगळीकडे २० लिहिलं जाईल. बेडसोर सापडला तर पहिली चौकशी एकच: त्या रात्री या वॉर्डात नर्स किती होत्या?

राहता राहिली तपासणी पथकं. ती दिवसाढवळ्या येतात, कळवून येतात. फिनेलचा वास, नव्या चादरी, सगळा स्टाफ इस्त्रीच्या कपड्यांत हजर. अशा तपासणीत कोणतंही रुग्णालय पास होतं. पथकानं रात्री तीन वाजता यावं. न कळवता यावं. ४० रुग्णांत एकटी धावणाऱ्या सिस्टरला एकही प्रश्न विचारू नये. अधीक्षकांना झोपेतून उठवावं आणि त्यांना विचारावं: इथली दुसरी नर्स कुठे आहे?